भुरीची बातमी कोणी दिली?

ती. अण्णा,

काल ओझरला लग्नात रमणशेठ भेटले. तेच द्राक्षांचे व्यापारी, आपल्या बागेचा सौदा ठरवून ऐनवेळी मोडणारे. पंगतीत शेजारी बसले आणि सहज बोलून गेले, "मॅडम, त्या साली बागेत भुरीचा रोग पडलाय हे मला तुमच्या सासऱ्यांनीच सांगितलं होतं." माझा घास हातातच राहिला. तुम्ही असतात तर तशीच उठून घरी आले असते आणि विचारलं असतं. आता लिहिण्यावाचून काय करू?

तुम्हाला आठवतं? लग्नानंतर मी पीएच.डी.ला नाव घातलं. पानाचा फोटो बघून कॉम्प्युटरने रोग ओळखायचा, असा माझा विषय. आई म्हणाल्या, "पान बघाया डोळे हायेत की आपल्याला." थोरले भाऊजी हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, "फोटो बघनार कोन?"

"मी, माझे सर आणि कॉम्प्युटर."

"आन् कॉम्प्युटर कोनाला सांगनार?"

मला तेव्हा तो प्रश्न अडाणी वाटला होता.

मी कॅमेरा घेऊन बागेत गेले की तुम्ही मागे यायचात. पानामागे काळं कापड धरायचात, म्हणजे फोटोत दुसरं काही येऊ नये. मला वाटायचं, मदत कसली, हे पाळत ठेवताहेत. रोल धुऊन आणायचा, फोटो स्कॅन करायचे, मग प्रोग्रॅम चालवायचा. तो फवारणीच्या पांढऱ्या डागांनाही भुरी म्हणायचा. फरक शिकवायला मला खऱ्या भुरीची पानं हवी होती.

आणि त्या साली विहिरीकडच्या ओळींवर भुरी आली. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. मी रोलवर रोल संपवत होते. भाऊजींनी बजावलं, "सौदा व्हईपर्यंत बाहेर बोलायचं नाय." मी कोणाशी बोलले नाही. फोटो मात्र सरांना दाखवले. ते दाखवणंच तर माझं काम होतं.

सौदा मोडला त्या दिवशी भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरातली बातमी कॉलेजात गेली, कॉलेजातून बाजारात." आईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. प्रकाशनेसुद्धा खोलीत आल्यावर हळूच विचारलं, "नक्की कोणाकोणाला दाखवलेस?" नवऱ्याने असं विचारावं, अण्णा!

मग मीही संशय घ्यायला शिकले. सरांचे पाहुणे निफाडच्या द्राक्षबाजारातले, म्हणून सरांवर. रोल धुणाऱ्या स्टुडिओवाल्यावर तर इतका, की त्याच्या दुकानाची पायरी परत चढले नाही. लॅबमध्ये कोणी मागे उभं राहिलं की स्क्रीन बंद करायचे. एका मुलीने अभ्यासाला फोटो मागितले, तिला नाही म्हटलं. तिचे वडील बागायतदार होते, एवढाच तिचा गुन्हा.

घरात एकटे तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. चारआठ दिवसांनी काळं कापड खांद्यावर टाकून दारात उभे राहिलात. "चल, पानं वाळून जातील." त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं काम केलं.

प्रबंध झाला तेव्हा आभारात पहिलं नाव तुमचं घातलं. वाचून दाखवलं, तर तुम्ही उठून उभे राहिलात. "माझं नाव काढ." कारण विचारलं, तर नुसते बाहेर निघून गेलात. मला वाटलं, सौदा मोडल्याचा राग तुमच्याही मनात होताच. मी नाव काढलं.

काल पंगतीत ते सगळं उलटंपालटं झालं.

का सांगितलंत शेठना? फोटो बाहेर गेलेत, आज ना उद्या बोभाटा होणारच, मग आपणच सांगून शब्द राखावा, असं वाटलं का? तसं असेल तर तुमचाही माझ्यावर भरवसा नव्हताच. की शेठ खोटं बोलताहेत? खबर देणारा आपला माणूस झाकायला मेलेल्या माणसाचं नाव फार सोयीचं. काल त्यांच्या डोळ्यांत बघत होते, काही कळलं नाही. आयुष्यभर पानांवरचे डाग वाचले, माणसाचा चेहरा वाचता येत नाही.

एक गोष्ट मात्र टोचते. अख्ख्या घराने मला विचारलं, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मी त्याला विश्वास समजत आले. उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक होतं, म्हणून तर नाही ना विचारलंत?

आणि ठाऊक होतं, तर एवढी वर्षं आईंचा अबोला मला का सोसू दिलात?

प्रकाशला अजून काही सांगितलेलं नाही. येत्या रविवारी गावच्या घरी जाणार आहे. आईंच्या समोर बसून शेठ जे बोलले ते शब्दाला शब्द सांगेन. तुमच्यावर आळ घेणार नाही आणि तुम्हाला पाठीशीही घालणार नाही, एवढं वचन देते. आई चिडल्या तर ऐकून घेईन. रडल्या तर जवळ बसेन.

फक्त त्या शांतपणे "मला ठाऊक व्हतं" म्हणाल्या, तर काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तुमची धाकटी सून,
विद्या