पाच, अठरा, चाळीस आणि बागचीबाबू

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

शटर धड वर गेलं नव्हतं, तोच पहिलं गिऱ्हाईक खाली वाकून विचारतं, "सरपुरिया स्वस्त झाला ना?"

काल टीव्हीवर जाहीर झालं म्हणे. जीएसटीचे टप्पे कमी केले. बारा टक्के गेले, अठ्ठावीस गेले. राहिले पाच आणि अठरा, आणि चैनीच्या वस्तूंना चाळीस. बावीस तारखेपासून लागू. एवढं मलाही कळलं. पण आमचा सरपुरिया, ही सायीच्या थरांची मिठाई, चैनीत मोडतो की गरजेत? कृष्णनगरात कुणालाही विचारा, गरजेत. पण सरकारला कोण सांगणार!

बापीनं तर रंगाचा डबाच उघडला. बापी म्हणजे माझा दीर. दुकानात अर्धा भागीदार, डोकेदुखीत पूर्ण. 'सगळं स्वस्त!' अशी पाटी रंगवत होता. 'सगळं स्व' पर्यंत पोचला होता. मी ब्रश हिसकावला.

शेवटी बागचीबाबूंना फोन केला. आमची कराची विवरणपत्रं गेल्या चैत्रापासून तेच भरतात. सरकारी कर खात्यातून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलणं मोजकं. अर्ध्या तासात हजर.

"मिठाई पाच टक्के होती, पाचच राहिली," म्हणाले. "काही बदल नाही."

"एवढंच?"

"मिठाईपुरतं एवढंच. बाकीच्या मालाचं उद्या सांगतो. एकदम सांगितलं की गोंधळ होतो."

बिनसाखरेचा चहा घेतला आणि गेले. मधुमेह आहे. सरपुरियाच्या परातीकडे मात्र पाहिलं एकदा — जुन्या मैत्रिणीकडे पाहावं तसं.

५ सप्टेंबर

निमकी, म्हणजे आमची खारी शंकरपाळी, बारावरून पाचवर. एवढंच सांगायला आले होते. फोनवरही सांगता आलं असतं.

निमकी खाल्ली. चांगली झालीय म्हणाले.

६ सप्टेंबर

मिठाईचे पुठ्ठ्याचे डबे — बारावरून पाच. उद्या रविवार, तेव्हा तूप सोमवारी.

८ सप्टेंबर

तूपही बारावरून पाच. हे ऐकून चित्रा पिशी काउंटरवरच चढायची बाकी राहिली. चित्रा पिशी म्हणजे आख्ख्या गल्लीची आत्या. शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाली पण शिकवणं सुटलं नाही.

"तूप स्वस्त, डबा स्वस्त, मग सरपुरिया का नाही गं मृदुला? लुटतेस होय आम्हाला?"

बागचीबाबू मध्ये पडले. तुपावर दुकानदारानं भरलेला कर त्याला पुढच्या करातून वजा मिळतोच, त्यामुळे तुपाचा दर उतरला म्हणून मिठाई काही फार उतरत नाही, असं शांतपणे समजावलं. पिशीनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी बावीस तारखेपर्यंत काही घेणार नाही."

"पिशी, बावीसलाही हाच भाव असणार आहे!"

"ते बावीसला बघू."

आणि तिचं बघून सगळी गल्ली थांबली! टीव्ही घेणारे थांबले, स्कूटर घेणारे थांबले, ते समजू शकते. पण पावशेर संदेशासाठी? दुपारी परातीवरच्या माश्या हाकलण्यापलीकडे काम नव्हतं. तोंडावर दुर्गापूजा, आणि दुकान हे असं. माझे यजमान प्रणव हयात असते तर हसले असते. मला नाही हसू येत.

१० सप्टेंबर

विक्री निम्म्यावर. बापी म्हणतो, सगळा दोष बागचीबाबूंचा. का? तर "ते फार खरं बोलतात."

१२ सप्टेंबर

आपल्या दुकानाशी संबंध असलेल्या वस्तू काल संपल्या. बागचीबाबू आज तरीही आले. टेबलापाशी बसले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

मी विचारलं, "ट्रॅक्टरचा दर काय झाला हो?"

इतके खूश झाले! बाराचे पाच. शिवणयंत्र, सायकल, छत्री — बाराचे पाच. सिमेंट अठ्ठावीसवरून अठरा. खोडरबरावर आता काहीच नाही. आणि खासगी विमान चाळीस.

"चाळीस?" म्हटलं. "बरं झालं, घेतलं नाही."

हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. वरच्या ओळीत डावीकडचा दात थोडा पुढे आहे.

बापी आतून ऐकत होता. नंतर म्हणतो, "वहिनी, आपण ट्रॅक्टर घेतोय?"

१५ सप्टेंबर

मोठी ऑर्डर! तरुण संघाची. त्यांच्या पूजेच्या वर्गणीदारांना यंदा प्रत्येकी एक भेटीचा डबा — चारशे डबे! क्लबचे सेक्रेटरी पल्टूदा स्वतः आले होते. मी नेमकी बँकेत. बापीनं किंमत ठरवून टाकली, करासकट, हातावर हात मारून. पूजेचं भांडवल नुसतं पडून राहतंय की काय, ही गेल्या आठवड्यातली काळजी एका झटक्यात मिटली. आज पहिल्यांदा बापीला दोन वेळा वाढलं.

डब्यात काय? सरपुरिया, निमकी, चॉकलेट. "आणि एक सरप्राइज," म्हणाला. "पोरांना आवडेल असं."

१७ सप्टेंबर, विश्वकर्मा पूजा

सरप्राइज कळलं. कोलाची छोटी बाटली. चारशे बाटल्या मागच्या खोलीत रचून ठेवल्यात. नमुन्याचा डबाही तयार — मध्ये बाटली, भोवती सरपुरिया. सिंहासनावर राजा बसवल्यासारखी!

मी भट्टीला हळद-कुंकू वाहत होते, तेव्हा बागचीबाबू आले. डब्यावर नजर गेली आणि माणूस पांढराफटक.

"ही एका किमतीत विकताय? सगळं मिळून एकच किंमत?"

"हो मग!" बापी छाती काढून म्हणाला.

"चाळीस!"

"चाळीस काय?"

"चाळीस टक्के! आख्ख्या डब्यावर!"

मग खुर्चीत बसून पाणी प्याले आणि सांगितलं. एकाच डब्यात, एकाच किमतीत निरनिराळ्या वस्तू घातल्या की त्यातल्या सगळ्यात चढ्या दराच्या वस्तूचा दर सगळ्यांना लागतो. बावीसनंतर सरपुरिया पाच, निमकी पाच, चॉकलेटसुद्धा पाचच. पण कोला चाळीस. म्हणजे सगळा डबा चाळीस.

बापी म्हणाला, "म्हणजे बाटलीनं केलं, आणि भोगायचं सरपुरियानं?"

"कायद्यात असंच आहे."

"हा कुठला न्याय!"

"न्याय नाही हो. कर आहे."

मी हसले नाही. मी किंमत आठवत होते. करासकट ठरलेली. चाळीस टक्के त्यातून भरायचे तर सरपुरिया फुकट वाटून वर आपणच लोकांचे आभार मानल्यासारखं होणार! आणि ऑर्डर मोडावी तर पल्टूदा उभ्या गावात सांगणार, प्रणवच्या मागे दुकानाला शब्द राहिला नाही.

बापीला बोलले. फार बोलले. त्यानं उलट उत्तर दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

१८ सप्टेंबर

बागचीबाबू म्हणाले, "पल्टूबाबूंकडे मी येतो तुमच्याबरोबर." त्यांचं ते काम नाही. विवरणपत्र भरणं एवढंच काम आहे. तरी आले. रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये नमुन्याचा डबा. पोस्ट ऑफिसच्या वळणावर ते म्हणाले, "ई-रिक्षा पाचच." मी म्हटलं, "हो का?"

तरुण संघाच्या मंडपात बांबू ठोकणं चाललेलं. मी सरळ सांगितलं, बाटली वेगळी, डबा वेगळा, बिलात दोन ओळी, दोन किमती. चालत असेल तर बघा. नाहीतर बाटली काढून टाकते.

पल्टूदांनी डबा उघडून पाहिला. मग म्हणाले, "अहो, बाटली मागितली कुणी होती? बापीच म्हणाला, आजकाल असंच देतात! आमच्या म्हाताऱ्या वर्गणीदारांना त्या बाटलीचं झाकण तरी उघडणार आहे का? त्याऐवजी नारळाचे लाडू घाला, वहिनी. तुमच्या सासूबाई करायच्या तसे."

झालं! एवढंच! रात्रभर मी टक्क जागी होते, ती ह्यासाठी!

परत येताना बागचीबाबूंना म्हटलं, आज खूप केलंत. तर म्हणतात, "लाडू पाचच." किती आनंदानं म्हणाले!

१९ सप्टेंबर

कोलावाला बाटल्या परत घेत नाही. बापी सकाळ-संध्याकाळ कोला पितोय. ढेकर देत नारळ खवतोय.

२१ सप्टेंबर, महालया

पहाटे रेडिओवर चंडीपाठ, दरवर्षीसारखा. मग टुकाईचा बंगळुरूहून फोन. लेक नोकरीला लागल्यापासून आईवर देखरेख करते.

"आई, ते बागचीकाका अजून रोज येतात दर सांगायला?"

"यादी मोठी आहे गं."

"सगळी यादी इंटरनेटवर आहे. मी तुला पहिल्याच दिवशी पाठवली होती."

"अक्षर बारीक आहे."

टुकाई म्हणाली, "आई, त्यांना मधुमेह आहे ना? रोज मिठाईच्या दुकानात?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. गॅस पेटवलेलाही नव्हता.

२२ सप्टेंबर

नवे दर लागू. उघडायच्या आधीच रांग! सगळ्यात पुढे चित्रा पिशी, पिशवी घेऊन.

"दे. नव्या भावानं."

"नवा भाव जुनाच आहे, पिशी."

"म्हणजे मी इतके दिवस तोंड बांधून बसले, ते उगीच?"

"मी सांगितलं होतं."

रागानं दुप्पट घेतलं तिनं. मागच्यांनीही. दुपारपर्यंत पराती रिकाम्या! बागचीबाबू बिलाच्या यंत्रात दर बदलून देत होते — निमकी, चॉकलेट, डबे. गर्दीतून पिशीचा आवाज आला. मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हिशेब बघणारा महिन्यातून एकदा येतो, असं आम्ही ऐकून होतो. इथं रोज! आणि तेही एकट्या बाईच्या दुकानात. प्रणव असता तर एवढा कर लागला नसता हो!"

दोन-तीन जण हसले. माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. बापी एकदम काउंटरपुढे आला. "पिशी, पैसे दिलेत ना? मग वाट सोडा." असा आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता.

बागचीबाबूंनी काम पुरं केलं. यंत्राचं झाकण लावलं. चहा न घेता गेले.

२३ सप्टेंबर

नाही आले.

२४ सप्टेंबर

नाही.

२५ सप्टेंबर

एक बाई आल्या. पारमिता सेन. कुरळे केस, लॅपटॉप. म्हणाल्या, "बागचीसरांनी तुमचं काम माझ्याकडे दिलंय. ते सोडतायत."

नुसतं सोडतायत! एक फोन नाही! मी काय खासगी विमान आहे, की दर परवडला नाही म्हणून सोडलं?

मिस सेननी चार मिनिटांत सगळे दर समजावले. एका पानावर. कसलीही शंका राहिली नाही. इतकं कंटाळवाणं काम असेल असं वाटलं नव्हतं.

२८ सप्टेंबर, षष्ठी

चारशे डबे पोचते केले. पल्टूदा खूश. लाडू माझ्या हातचे, सासूबाईंसारखे झाले नाहीत, पण कुणाला कळलं नाही.

बापी संध्याकाळी समोर येऊन बसला. "वहिनी, फोन करू का त्यांना?"

"कुणाला?"

"ट्रॅक्टरवाल्यांना."

मी टॉवेल फेकून मारला. त्यानं झेलला, आणि हसला नाही.

३० सप्टेंबर, अष्टमी

देवीला पुष्पांजली वाहायला गेले. हात जोडले तर डोक्यात भलतंच. एका माणसाला माझ्यामुळे भर दुकानात ऐकून घ्यावं लागलं, आणि मी चिमटा धरून उभी. पिशीला मीच बोलायला हवं होतं. बापी बोलला.

दुपारी पिशीच्या घरी जाऊन बोलले. काय काय बोलले ते नीट आठवत नाही. पिशी दारातून म्हणाली, "बाई गं, मी गंमत केली." मी म्हटलं, "मग पुढची गंमत दुसऱ्या दुकानात करा."

बरं वाटलं. फार बरं वाटलं!

२ ऑक्टोबर, दशमी

विसर्जन. सवाष्णी एकमेकींना सिंदूर लावत होत्या. मी नेहमीसारखी मिठाईचं ताट धरून बाजूला. पाऊस आला तेव्हा सगळ्या पळाल्या. ताट तेवढं वाचवलं.

४ ऑक्टोबर

बागचीबाबू आले. दुकानात नाही, घरी. दारातच उभे राहून म्हणाले, "काम सोडणं भाग होतं. ज्यांची फी घेतो त्यांना असलं विचारणं बरं दिसत नाही."

काय विचारलं ते इथं लिहीत नाही.

हो म्हटलं.