बंबावरचं नाव

नगर, मंगळवार संध्याकाळ, जानेवारी १९७३

आजही आईचा बंब मिळाला नाही. ती गेल्यावर वहिनीने तो मोडीत घालून स्टीलची पातेली घेतली. तिला तरी काय बोलू? रोजचा धूर तिनेच का सोसायचा? पण त्या तांब्याच्या बंबावर आईचं नाव होतं, ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. पाणी तापायच्या आत त्यावरूनच बोट फिरवत मी पहिली अक्षरं गिरवली.

जुन्या बाजारात आज अगदी तसाच बंब दिसला. तशीच वाकडी तोटी. धावतच गेले. पदराने काजळी पुसली, तर खालून निघालं ‘सौ. गंगूबाई’. कोण कुठली!

दुकानदार म्हणाला, “घेऊन टाका बाई. नाव घासून देतो, दिसनार बी न्हाई.”

नको म्हणून उठले. वाटभर त्या गंगूबाईचाच विचार. तिचीही लेक अशीच शोधत हिंडत असेल का?

घरी येऊन हातपाय धुताना मात्र एकदम लक्षात आलं. आईचा बंब घेणाऱ्यालाही कुणीतरी हेच म्हटलं असेल, नाव घासून देतो. आणि तो माझ्यासारखा उठून गेला नसेल.