एवढं पाणी, आन रांग न्हाई

धोंडुबाई आक्का,

तुम्ही गेल्याचं तुमच्या बिरदेवनं काल फोनवर सांगितलं. हे पत्र आता कुठं धाडू? तरी लिहितेय.

महापुरात आमचं कृष्णाकाठचं गाव बुडालं, तेव्हा आम्हाला कवठे महांकाळकडच्या तुमच्या दुष्काळी गावात, शाळेत आणून ठेवलं. मी ओली बाळंतीण. तिथं बायकांना संडास नव्हता, म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही. दूध आटलं, माझी शिवांजली भुकेनं रडून रडून दमायची. भाकरी वाटायला आलेल्या तुम्ही कारण विचारलंत आणि हाताला धरून मला घरी नेलंत.

"आये, टँकर परत कवा येईल ठावं न्हाई," बिरदेव म्हणाला.

"ठावं हाय मला. चूल पेटव, पोरीला न्हाऊ घालायचंय. आन शाळेतल्या बायकास्नी सांग, आपला संडास वापरा म्हनावं."

संध्याकाळी शिवांजली पोटभर प्याली.

दिवाळीत तुम्ही आमच्याकडं आलात. शिवांजलीला मांडीवर घेऊन घाटावर पाण्यात पाय सोडून बसलात. मी जेवायला बोलवायला आले, तर म्हणालात, "बसू दे गं जरा. एवढं पाणी, आन रांग न्हाई."

ऊन कलेपर्यंत मीही शेजारी बसून राहिले.

तुमची लेकच,
राजेश्वरी