शास्त्रात नसलेली गोष्ट

प्रिय मोठीबाई,

तुझी बारकी सुखरूप घरी पोचली हे जावईबापूंनी फोनवर सांगितलं. मग त्यांनी तुझ्याकडे फोन दिला, आणि मी बाळाचं वजन, तुझं जेवण आणि आमच्या नळाला येणारं गढूळ पाणी यापलीकडे काही बोललो नाही. फोनवर माझं हे नेहमीचंच आहे. तू ‘बरं बाबा, ठेवते’ म्हणतेस आणि मला सुटल्यासारखं वाटतं. म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. जन्मभर लोकांच्या दुकानांचे बोर्ड रंगवले, त्यामुळे अक्षर अजून बरं आहे. पण हात कापतो, तेव्हा जिथे लागणार नाही तिथे अंदाजाने वाच. एकटी असताना वाच, आणि मध्येच ठेवून देऊ नकोस.

तुझ्या बाळंतपणामुळे बारकी दहा दिवस माझ्याकडे राहिली. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला जड जाईल. उलट तिनेच मला सांभाळलं. पहिल्याच दिवशी तिने माझे सगळे ब्रश उंचीप्रमाणे लावले, टर्पेंटाइनची बाटली माझ्याही हाताला येणार नाही इतक्या वर ठेवायला लावली, आणि जेवणाआधीची प्रार्थना मी घाईत उरकली तेव्हा डोळे मिटूनच म्हणाली, “आजोबा, परत करा. ही नुसती पुटपुटली.” मी परत केली. सहा वर्षांची आहे, पण तुझी सहीसही नक्कल. नऊ वर्षांची असताना तू कमरेला फडकं खोचून घर चालवायला लागलीस आणि मी तुला मोठीबाई म्हणायला लागलो, ते सगळं डोळ्यांपुढे आलं.

सहाव्या दिवशी खाली राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंच्या मुलीचा वाढदिवस होता. बाई स्वतः वर बोलवायला आल्या होत्या. मी नेहमीचं उत्तर दिलं की आमच्यात वाढदिवस करत नाहीत. त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे काका. वाढदिवसाला नका पाठवू, नुसतं खेळायला पाठवा.” त्यांच्या त्या बोलण्यात चेष्टा नव्हती, म्हणून मी पाठवलं. तासाभराने बारकी परत आली आणि सरळ मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. मी आत जाऊन पाहिलं तर ती कपडे धुण्याच्या साबणाची वडी तोंडात घालून दात घासत होती. हनुवटीवरून फेस गळत होता, फ्रॉक छातीपर्यंत भिजला होता, आणि ओकारी येत असूनही ती थांबत नव्हती. मी वडी काढून घेतली, चुळा भरायला लावल्या, विचारलं काय झालं. तोंड पुसत म्हणाली, “मी केक खाल्ला. सगळ्यांनी खाल्ला म्हणून खाल्ला. आईला सांगू नका. देवाला मी सांगते.”

मी तिला मांडीवर घेतलं. तिचं डोकं माझ्या छातीला टेकलेलं आणि तोंडाला साबणाचा वास. ‘अगं, केकच तर आहे’ एवढं वाक्य माझ्या जिभेवर होतं, पण ते बाहेर पडेना. ते मी म्हटलं असतं तर ती मुलगी मला विचारणार होती, मग आईला कोणी शिकवलं? तिने विचारलं नाही. ती झोपी गेली. मला मात्र मांडीवर तू दिसत होतीस. तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीने नाताळला तुला रंगीत पेन्सिलींची डबी दिली होती, आठवतं? मी ती परत करायला लावली. नुसती परत करायला लावली नाही, सोबत चिठ्ठी लिहायला लावली, मी सांगत होतो आणि तू लिहीत होतीस, की आम्ही मनुष्यांनी लावलेले सण पाळत नाही. तू ‘मनुष्यांनी’मधला ष चुकवलास म्हणून मी कागद फाडून दुसऱ्यांदा लिहायला लावलं. त्यानंतर त्या मुलीचं नाव तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. चौकशीही केली नाही. वर चर्चमध्ये आपल्या मंडळीत मी हा प्रसंग साक्ष म्हणून सांगितला, लेकीचा विश्वास किती पक्का म्हणून, आणि लोकांनी माना डोलावल्या तेव्हा मला बरं वाटलं.

आता हे कुठून सुरू झालं ते सांगतो, कारण तुला वाटतं त्याहून ते वेगळं आहे. तुझी आई असताना आपल्या घरात नाताळ व्हायचा. कपाटावर पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्यात कागदी साखळ्या, चांदण्या आणि तिने उरलेल्या लोकरीचे केलेले गोंडे. मीही डिसेंबरात दुकानांच्या काचा रंगवायचो. काचेवर आतल्या बाजूने रंगवताना अक्षरं उलटी काढावी लागतात, बाहेरून ती सुलटी दिसतात. तू काचेपलीकडे उभी राहून मला वाचून दाखवायचीस. आई गेली त्याच्या पुढच्या डिसेंबरात मी एक दिवस कामावरून घरी आलो तर तू स्टुलावर उभी होतीस. खोकं एकटीने उतरवलं होतंस. अर्ध्या खोलीत साखळ्या लावून झाल्या होत्या. मला खूश करायचं म्हणून केलं होतंस, तोंडावर तसं लिहिलेलंच होतं. मी एक शब्द न बोलता सगळं ओढून काढलं. खिळ्यासकट काढलं. तू रडायलाही विसरलीस. मग काहीतरी कारण द्यायला हवं होतं, तर मी म्हणालो, हे शास्त्रात, बायबलात कुठे लिहिलेलं नाही, हे बाहेरच्यांचं आहे, प्रभूला आवडत नाही. तू विचारलंस, “मग आई करायची ते?” मी म्हणालो, “तुझी आई चुकत होती.”

ते खोकं मी दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिलं. त्या घटकेपर्यंत मी यातलं काहीही शास्त्रात शोधलेलं नव्हतं. शोधलं ते नंतर, तोंडातून निघून गेलेल्या शब्दांना आधार हवा म्हणून. आणि शोधणाऱ्याला सापडतंच. नाताळ गेला, मग वाढदिवस गेले, मग शाळेचं संमेलन, वर्षअखेरीची सहल. तुझ्या लग्नात मी फुलं लावू दिली नाहीत, गाणी म्हणू दिली नाहीत, आणि तुझ्या सासरच्यांपुढे त्याची फुशारकी मारली. जावईबापू सोशीक म्हणून निभावलं.

आपल्या मंडळीतले औषधांच्या दुकानाचे मालक तुला आठवत असतील. त्यांच्याकडेही सण करत नाहीत, आजोबांपासून नाही. पण त्यांच्या घरात ते नाही म्हणणं किती हलकं असायचं. शेजाऱ्यांच्या सणाला ते हसत जाऊन बसायचे, पोरांना कोणी खाऊ दिला तर पोरं खायची, आणि आमचं असं का, हे ते पोरांना नीट समजावून सांगायचे. त्यांचं ते देवाशी बोलून ठरलेलं होतं. माझं तसं नव्हतं, आणि एका माणसाला ते कळलं होतं. आपल्या चर्चचे जुने पाळक एकदा उपासनेनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “सण पाळा, न पाळा, दोन्ही प्रभूसाठी करता येतं. पण तुम्ही हे प्रभूसाठी करताय की कशापासून तरी पळताय?” मी त्यांच्याशी दोन वर्षं बोललो नाही. मंडळीत पाठ फिरवून बसायचो. तुला सांगितलं की ते शास्त्राच्या शिकवणीत ढिले आहेत. माणूस अगदी नेमकं बोलला होता.

परवा, जावईबापू बारकीला न्यायला येणार त्या सकाळी, मी तिची पिशवी भरत होतो आणि ती भिंतीवरचा तुझ्या आईचा फोटो बघत उभी होती. मोजे शोधता शोधता मी म्हणालो, आजी असती तर तुझे फार लाड केले असते. ती फोटोवरून नजर न काढता म्हणाली, “आजीने देवाला न आवडणारं केलं, म्हणून ती लवकर गेली ना? आई म्हणाली. म्हणून आपण नाही करायचं.” मी पिशवी बाजूला ठेवली. पोरी, हे तू कुठून घेतलंस ते मला माहीत आहे. त्या साखळ्यांच्या संध्याकाळी ‘तुझी आई चुकत होती’ म्हटल्यावर तू माझ्यामागे स्वयंपाकघरात आली होतीस आणि हळूच विचारलं होतंस, “म्हणून देवाने तिला नेलं का?” मी पाणी प्यायलो आणि बाहेर निघून गेलो. मी उत्तर दिलं नाही, आणि तू ते हो असं धरलंस. इतकी वर्षं ते तसंच धरून तू जगलीस, आणि आता तुझी पोर साबणाने तोंड धुते. तर ते उत्तर आज देतो. नाही. देवाने तिला शिक्षा केली नाही, आणि ती कशातच चुकत नव्हती. तिच्या पोटात दुखत होतं. पहिल्या दिवशी दुखलं तेव्हा मी म्हणालो, गरम पाण्याची पिशवी लाव. दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला आणि ती म्हणाली, दवाखान्यात जाऊ या. माझ्या हातात नाताळच्या काचांची कामं होती, चौकातल्या मोठ्या दुकानाची सगळ्यांत मोठी काच अर्धी राहिली होती. मी म्हणालो, एवढी होऊ दे, उद्या जाऊ. तुला मावशीकडे धाडलं होतं, त्यामुळे तू यातलं काही पाहिलं नाहीस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पांढऱ्या रंगाने भरलेल्या हातांनी घरी आलो तेव्हा तिला उठवत नव्हतं. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, काल आणलं असतंत तर. हे वाक्य मी तुझ्या मावशीला सांगितलं नाही, पाळकांना सांगितलं नाही, प्रार्थनेतसुद्धा त्याच्या आजूबाजूनेच गेलो. साखळ्या मला बघवत नव्हत्या त्या यासाठी. तुझ्यासमोर मला दोष लागू नये म्हणून तो मी तुझ्या मेलेल्या आईवर टाकला आणि वर देवाचं नाव लावलं. सण करायचे की नाही हे तू आणि जावईबापू प्रार्थना करून ठरवा, त्यात मी आता एक अक्षर बोलणार नाही. तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर तेही मला समजेल. फक्त बारकीला एकदा जवळ घे आणि सांग की तुझ्या आजीने काही वाईट केलं नव्हतं, आजोबांनी तिला दवाखान्यात न्यायला उशीर केला. माझं नाव घेऊन सांग.

तुझाच,
बाबा