येळवशीची भज्जी, सुटी-सुटी

२ डिसें., नांदेड
पथ्याचा पाचवा आठवडा. कांदा, लसूण, गहू, दूध, डाळी बंद. ज्वारीची भाकरी, भात, दोडका, गाजर. सगळे रिपोर्ट चांगले, आतडीच चिडकी, असं डॉक्टर म्हणाले. (मालकिणीसारखीच, इति आमचे हे. हसू आलं, रागही.)
पोट: शांत. आठ दिवसांत एकदाही वर्ग अर्धवट टाकून पळावं लागलं नाही.

५ डिसें.
आहारतज्ज्ञ बाईंकडे. हे पथ्य सगळ्यांना लागू पडत नाही, पण बऱ्याच जणांना फरक पडतो, हे तपासून पाहिलेलं आहे म्हणाल्या. जन्मभर मात्र करायचं नाही. आता एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, थोडा थोडा वाढवत. बाकी जेवण आहे तेच. कशापासून सुरू करायचं? माझ्या तोंडून निघालं, भज्जी.
बाई पुण्याच्या. त्यांना येळवस सांगावी लागली. लातूरकडची वेळ अमावस्या, सगळं गाव शेतात जेवायला. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, मिसळीची भाजी. तीत तुरीचे दाणे, सोलाणे म्हणजे ओला हरभरा, वाटाणे, मेथी, लसणाची पात, वर बेसन... बाईंनी हातच जोडले. एकदम सगळं खाल्लं तर कशानं बिघडलं ते कळणार कसं?

११ डिसें.
गावाकडून भावाचा, बाळूचा फोन. ताई, यंदा तरी ये. पाच वर्षं टाळून राहिले. कधी पेपर तपासणी, कधी पाहुणे. खरं तर एसटीची भीती. मध्येच पोट धरलं तर कंडक्टरला काय सांगू? अन् शेतात आडोसा म्हणजे तूर.
लहानपणी त्याच तुरीत लपाछपी खेळायचो. भज्जी तिसऱ्यांदा मागितली की माय म्हणायची, पोटात हीर हाय का गं. लई आठवण येते त्या पोटाची.

१९ डिसें. येळवस.
गेले. कडब्याची कोप, पूजेची खोपटी, तशीच, आंबिलीचा वास तोच. पंगतीत मी आपला डबा उघडला. माय ताटावरून उठली, विहिरीकडं गेली. मी मागोमाग.
"शेताचा राग हाय का गं तुला?"
शेत बाळूच्या नावावर राहावं म्हणून हक्कसोडीवर सही केली, त्याच वर्षापासून माझं येणं बंद. तिनं दोन्हींचा संबंध लावला अन् पाच वर्षं मनात ठेवलं. मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं, संडासाच्या धावाधावीसकट. एकेक पदार्थाचंही. ती पंगतीत वाढायला परत गेली. पटलं की नाही, कोण जाणे.

२४ डिसें.
बाळू कामानं आला होता. पिशवी ठेवून गेला. आत मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत नऊ पुरचुंड्या. तूर वेगळी, सोलाणे वेगळे, वाटाणे वेगळे. लसणाची पात तर दोनदा बांधलेली. निरोप: एकेक खा. पुढल्या येळवशीला भज्जीत काय घालायचं ते सांग, तसं रांधीन.
सगळ्या फ्रीजमध्ये लावल्या. हे विचारून राहिले, रडायला काय झालं.

२५ डिसें.
तुरीचे दाणे, दिवस पहिला. दोन चमचे, उकडून, मीठ. जेवण होतंय तोच मायचा फोन, सोसले का? म्हटलं, तीन दिवस लागतात गं. अन् पुरचुंड्या नऊ, महिनाभर जाईल. माय ब्याऐंशीची.
"लागू दे. मी हाय."
पोट: अजून काही नाही.