दगडाला न लावायचा शब्द

मास्तरसाहेब, काल नातीनं विचारलं, स्टेडफास्ट म्हणजे काय? पिशोरच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई मी. खंबीर, अढळ, असं सांगून मोकळी झाले. ती लिहून घेऊन गेली आणि मी तिथंच बसून राहिले, कारण तुमच्याकडं एवढ्यावर कुणाची सुटका होत नव्हती. नव्या शब्दाचं वाक्य करायचं, आणि ते खरं पाहिजे, हा तुमचा शिरस्ता. घरातल्या नाहीतर गल्लीतल्या माणसाबद्दलचं, शहानिशा करता येईल असं. खरं असलं तर लाल शाईची खूण. खोटं असलं की वही परत यायची. कुणाच्या तरी आजोबांना परस्पर शूर करून टाकलेलं तुम्हाला खपत नसे.

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली आणि इंग्रजी शब्दांचे अर्थ तुम्हाला मराठीतून सांगावे लागू लागले. तुम्ही अडखळायचात, मागचे बाक तुमची नक्कल करायचे. तेव्हा तुम्ही गुलमंडीत वडिलांच्या कापडदुकानी आलात, टोपी सावरत उभे राहिलात आणि म्हणालात, तुमची मुलगी मला मराठी शिकवील का? बदल्यात मी तिला इंग्रजी शिकवीन. वडिलांनी तुम्हाला गादीवर बसवलं आणि हो म्हटलं. मी मात्र वर्गात कुणाला कळू दिलं नाही.

रविवारची सकाळ आहे. तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्या बेगम, माझ्या चाची, खिचडीबरोबरचा चिंचेचा खट्टा ढवळतायत आणि मी तुमचा मराठी निबंध तपासतेय, तुमच्याइतकाच कडक चेहरा करून. तुम्ही निमूट चुका सुधारताय. मग माझी पाळी येते. मी आधी लिहिते, देवगिरीचा डोंगर स्टेडफास्ट आहे. तुम्ही मान हलवता.

"डोंगराला, दगडाला हा नको लावू, बेटा. दगड जाईल कुठं? जमीन, लाकूड घट्ट असलं तर फर्म म्हण. हा माणसाचा शब्द हाय. त्याला निघून जाता येतं, जाण्यात फायदा बी असतो, तरी तो जात नाय. आमच्या उर्दूत साबितकदम, पाय न हलवणारा."

"मग हट्टी माणूस?"

"हट्टी आपल्यासाठी अडून बसतो. हा दुसऱ्यासाठी उभा ऱ्हातो."

मी तिथल्या तिथं लिहिलं, आय ॲम स्टेडफास्ट. तुम्ही पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "खरं का खोटं, आज नाय सांगता येत. राहू दे. वेळ आली की कळंल." मला राग आला. खिचडी न खाताच मी घरी आले. केवढा तो माझा तोरा!

वेळ फार लवकर आली. मास्तरांचं शिकवणं समजत नाही, दुसरा मास्तर द्या, असा अर्ज वर्गानं केला. त्यावर माझी सही नव्हती, कारण त्या दिवशी मी तापानं घरी होते. पुढं तपासनीस आले आणि हुशार मुलगी म्हणून मला एकटीला आत बोलावलं. मास्तरांचं मराठी समजतं का, एवढंच त्यांनी विचारलं. तुमची मराठी किती सुधारली होती, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण हो म्हटलं तर कसं काय समजतं, हे विचारतील. मग रविवारचं तुमच्या घरी जाणं बाहेर पडेल, आणि मुली आधीच कुजबुजत होत्या. मी खाली बघत म्हणाले, "थोडं थोडं." त्यांनी ते लिहून घेतलं.

तुमची बदली फर्दापूरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या घरी तुम्ही माझी वही मागितलीत, ते पान काढलंत आणि त्या राहिलेल्या वाक्यापुढं लाल खूण केलीत.

"अर्ज पाह्यला मी. साऱ्या वर्गाच्या सह्या हायेत, तुझी एकटीची नाय," तुम्ही म्हणालात. चाचींनी डोळे पुसले आणि मला खिचडीचा डबा बांधून दिला. मी तो घेतला, वहीही घेतली. आणि घरी निघून आले. ताप होता, एवढं तरी सांगायचं होतं मी.

पुढं शाळेची सहल घेऊन अजिंठ्याला जाताना गाडी फर्दापुरात चहाला थांबायची. तुम्ही होता तोवर तीनदा थांबली. तिन्ही वेळा मी मुली मोजत गाडीतच बसून राहिले. चौथ्या खेपेला चहावाल्यानं आपणहून सांगितलं, इंग्रजीचे मास्तर गेले, मागच्याच उन्हाळ्यात. त्या दिवशी मात्र मी खाली उतरले. त्याचा काय उपयोग होता?

हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. ते त्या वहीतच ठेवते. एक तेवढं सांगायचं राहिलं. तुमचा शिरस्ता मी पिशोरला तसाच चालवला, खरं वाक्य आणि लाल खूण. आणि दरवर्षी नव्या मुलींना ते पान उघडून दाखवत आले, तापाचं आणि त्या 'थोडं थोडं'चं न सांगता, की बघा गं, माझ्या मास्तरांनी मला काय दिलं होतं.