आईच्या नावाचा रांजण

बुर्री, खार्तूम
शुक्रवार, २३ मे २०२५

लाडक्या इख्लासला बतूलताईचे अनेक आशीर्वाद.

कैरोत तुम्ही सगळे खुशाल असाल. माझ्या तस्नीमला तू पोटच्या पोरीसारखी सांभाळतेस. आभार मानले तर भांडायला उठशील, म्हणून मानत नाही. आम्ही इथे बरे आहोत. वीज अजून नाही, नळ कोरडे आहेत, पण गाढवाच्या गाडीवरून नदीचं पाणी येतं. गोळीबार थांबलाय. इतकं सामसूम असतं की पलीकडच्या गल्लीत कडी वाजली तरी आम्ही हातातला घास तसाच धरून ऐकत बसतो.

‘आम्ही’ लिहिलं खरं. तस्नीमचे बाबा सध्या घरी नाहीत.

सगळे परततायत, तस्नीमही बसमध्ये बसायचं म्हणते, असा तुझा निरोप मिळाला. तिला सांग, खिडक्या फुटल्यात, छताला भोक पडलंय, इतक्यात येऊ नकोस. तिला एवढंच पुरे. पुढचं तू एकटीने वाच. फोनवर बोलायची सोय नाही, नाक्यावर फोन उघडून बघतात. अवादिया चहावाली तिकडे निघालीय, तिच्या पिठाच्या डब्यातून हे पत्र येईल.

दारातल्या कडुलिंबाखालचा रांजण आठवतो ना? आई गेली तेव्हा आपण दोघींनीच तो बसवला. वाटसरू जेवढं पाणी पिईल, तेवढा तिच्या जिवाला गारवा. लढाई गल्लीत आली, निम्मी गल्ली पळाली, तरी मी रोज तो भरत राहिले. तस्नीमचे बाबा चिडवायचे, “अगं, तुझी आई जिवंतपणी चहाशिवाय कशाला तोंड लावत नव्हती. आताच बरी एवढी तहान लागली तिला!” पण एकदा मात्र हसले नाहीत. म्हणाले, “बतूल, आत घे तो. भरलेला रांजण म्हणजे या घरात माणसं आहेत, अशी दवंडीच.” मी ऐकलं नाही. आईचं पाणी मी तोडायचं?

मग आधीचे बंदूकवाले यायला लागले. समोरची घरं लुटून, घामाघूम होऊन यायचे, साखळीचा मग भरभरून प्यायचे आणि वर म्हणायचे, “मावशी, अल्ला तुझं भलं करो.” माझा जळफळाट व्हायचा. पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटायचं. पाण्याला जागून त्यांनी आमचं दार कधी मोडलं नाही. अख्ख्या गल्लीत न लुटलेलं घर राहिलं ते आपलंच.

ते हाकलले गेले, लोक परतू लागले. समोरचे ताजुस्सिरकाकाही आले. त्यांच्या मुंजिरला त्या मेल्यांनी उंबऱ्यातच मारलं होतं. काका आमच्या दारात उभे राहिले आणि आत बघत राहिले.

“बतूल, तुमचा पंखा जागेवर आहे गं,” एवढंच बोलले.

मी म्हटलं, “काका, चहा टाकते, बसा.”

“नको.” रांजणातलं पाणीही प्यायले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही प्यायले नसते.

दुसऱ्या दिवशी आताचे बंदूकवाले आले. त्यांच्यातल्या एकाने साखळीचा मग हातात घेऊन विचारलं, “त्यांना पाणी कोण पाजत होतं?”

मी तोंड उघडणार, तोच तस्नीमचे बाबा पुढे झाले. “मी. एवढा रांजण भरणं बाईमाणसाला झेपतं होय?” आणि माझ्याकडे असे डोळे वटारले की मी गप्प बसले. इख्लास, मी गप्प बसले गं. त्यांना तसंच धरून नेलं, चपला घालायलाही आत येऊ दिलं नाही.

त्यांना तस्नीमच्या जुन्या शाळेत ठेवलंय. मी रोज ज्वारीचा पातळ किसरा आणि भेंडीचं कालवण घेऊन जाते. फाटकावर डबा घेतात आणि रिकामा परत देतात. डबा रिकामा दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा. काल तो जसाच्या तसा परत आला. मी विचारलं, “जेवले नाहीत का?” फाटकावरचा म्हणाला, “उद्यापासून आणू नका, खाला.” माझ्याकडे बघतही नव्हता.

उद्या मी डबा न घेता जाणार आहे. रांजण कोण भरत होतं, ते सांगणार आहे. उशीर झाला असेल, तरी सांगणार आहे. तू मला अडवशील, म्हणूनच पत्र पोचेपर्यंत मी जाऊन आलेली असेन, किंवा नसेन. तस्नीमला पाठवू नकोस. तिने कितीही आकांत केला तरी पाठवू नकोस.

आज सकाळी रांजण भरला. भरताना नेहमीसारखं आईचं नाव घेतलं आणि त्यामागोमाग तोंडातून बाबिकर असं तुझ्या दाजींचं नाव निघून गेलं. मी मग हातातली घागर तिथेच ठेवली आणि कडुलिंबाखाली बसून राहिले.

तुझी ताई,
रांजण भरणारी,
बतूल